तिसरा खण

घोडागाडी नव्हे, घोड्याची गाडी.
घोडा जिला ओढत नाही, घोडा जिच्यात उभ्यानं जातो.
हा फरक गेल्या महिन्यात
मी निदान चाळीस जणांना समजावलाय.

उचगावात वजनकाट्यामागं, घाणेरीत रुतलेली.
भंगारवाला म्हणाला, किलोवर घ्या, न्हाईतर उद्या कापतोय.
नऊशे चाळीस भरली.
आतली माती त्यानं वजा केली नाही, मीही बोललो नाही.

चाकं तीन. दोन मागं, पुढं एक हातभर, मान वळवणारं.
छत पानाच्या डब्याच्या झाकणागत फुगीर.
आत घोड्यांचे दोन खण,
काथ्याच्या गाद्यांचे खिळे अजून भिंतीला,
आणि कडेला तिसरा:
कमरेएवढा, वेगळं दार, वेगळी कडी,
खिडकी बाहेर नव्हे, घोड्याच्या खणात उघडणारी,
आणि इतकी खाली की मला गुडघे टेकावे लागले.

ह्यात काय न्यायचे?
खोगीर, म्हणाला टर्नर खोपडे.
कोंडा, म्हणाला शेजारचा फौंड्रीवाला.
मालकाच्या बाटल्या, म्हणालं सगळं उद्यमनगर,
आणि विषय मिटला.

माझा मिटला नाही.
पॉलिश पेपर घेऊन बसलो. रंग उलटा बोलतो, शेवटचं आधी.
वर पिवळा, "अंबिका रसवंती, आले लिंबू मोफत".
खाली निळा, "दिलरंग ब्रास बँड, प्रोप्रा. आनंदा डवरी".
त्याखाली हिरवा, शेवाळासारखा. अक्षर नाही,
फक्त पांढरा आकडा, सात.
त्याखाली सागवान. तिथून पुढं कुणी बोलेना.

रसवंतीच्या सुंदराबाई पाचगावात सापडल्या.
"तितं बर्फ ठेवायचो, भुसा घालून.
चरक बी हाय अजून. न्या की."
डवरींचा मुलगा आता डीजे लावतो. म्हणाला,
ढोल दोन खणांत, तिसऱ्यात मला झोपवायचे,
वराती पहाटेपर्यंत चालायच्या.
गाडी लिलावात घेतलेली.
कुणाच्या?
घोडी गेली त्यांच्या.

सदर बाजारातनं दस्तगीर नालबंदांना रिक्षानं आणलं.
शहाऐंशी वय, दोन्ही डोळ्यांत मोती.
त्यांनी गाडी पाहिली नाही, हुंगली.
मग तिसऱ्या खणात हात घातला,
चौकटीवरून बोटं फिरवत नेली
आणि एका खाचेवर थांबले.
"शेळी," म्हणाले.

घोडी होती तांबूस, नाव मोहोर.
शेळीबिगर गाडीत पाय ठेवायची नाही.
लाथांनी दोन फळ्या मोडल्या, तवा मिस्त्रीनं हा खण जोडला.
कोण मिस्त्री?
"मिस्त्रीच की."
पुण्याच्या शर्यतीला दोघी जायच्या,
एक पळायला, एक नुसती असायला.

"एका खेपंला घोडी तितंच इकली.
शेळीचं कुणाच्या ध्यानात न्हाई.
मी अकराचा. बा म्हणाला, बस तिच्याजवळ.
खंबाटकीपासनं कराडपातुर
तोंड खिडकीला लावून हुती.
वरडली न्हाई एकदा.
फळी खात हुती."

बोट खाचेतच होतं.
मी चहा सांगितला. त्यांनी बिनसाखरेचा मागितला.

पन्हाळ्याचा एक रिसॉर्टवाला गाडी घेतोय, कॉफी विकणार.
म्हणतो, तो बारका खण काढा, तिथं फ्रीज बसवू.
माप घेतलं. फ्रीज बसतो, वर बोटभर जागा उरते.
त्याला सांगितलं, आज सोमवार, उद्यमनगर बंद.
मंगळवारी सांगितलं, कटरचं पान संपलंय.
आज बुधवार. फोन बाहेर स्टुलावर वाजतोय
आणि मी अंग चोरून तिसऱ्या खणात.
इथून पलीकडचा खण दिसतो.
तेवढाच दिसतो.