मिठाला जागणं

रात्री तीनला पोटरी उठते.
मी नाही, आधी ती.
धुणं पिळावं तशी आपली आपण पिळत जाते,
अंगठा वर, बाकीची बोटं तिरकी,
आणि तोंडातून निघतो तो देवाचा धावा नसतो,
शॉपमधली एक जुनी शिवी असते.

मालन दिवा लावत नाही.
अंधारातच तिला टाच सापडते.
एका हातात टाच, दुसऱ्यात चवडा,
गुडघ्याकडं ढकलते, दमानं,
फुगलेलं दार लोटावं तसं.
"सोड," म्हणते. मला नाही, पोटरीला.

एकतीस वर्षं मुंढव्याच्या फोर्जिंग शॉपात.
हातोडा पडला की डब्यातली आमटी थरथरायची.
मे महिन्यात शर्ट अंगावरच वाळायचा,
पाठीवर पांढऱ्या रेघांचा नकाशा.
मालन तो बादलीत घालण्याआधी उजेडात धरायची,
विचारायची, आज कितीला सांडलात?

फोरमन निघोजकर काचेच्या बरणीतनं
मिठाच्या गोळ्या वाटायचा.
"गोळी घे, नायतर गोळा येईल."
रघू इंगवलेनं एकदा ऐकलं नाही.
दुपारी भट्टीसमोर पोट धरून पडला,
हसरा माणूस, हसल्यासारखाच चेहरा करून ओरडत होता.

निरोपाच्या दिवशी कंपनीनं घड्याळ दिलं.
निघोजकर माईकवर बोलला,
हा माणूस मिठाला जागला.
टाळ्या पडल्या.
पोटरीनं ते शब्दशः घेतलं असावं.

कारण वर्षभरात प्रेशर निघालं.
सकाळी एक बारीक पांढरी गोळी,
तासाला दोनदा मोरीकडं पळवणारी.
मीठ बंद. लोणच्याची बरणी वरच्या फळीवर,
खाली अळणी भाजी आणि मी.
आणि मग ह्या तीनच्या पाळ्या.

शेजारचे सल्ले फुकट होते:
उशाशी कांदा ठेवा,
घोट्यात तांब्याचं कडं घाला,
तांब्याभर पाण्यात मूठभर मीठ.
ते मी प्यालो, चोरून.
सकाळी प्रेशरच्या मशीननं चहाडी केली.
मालन दिवसभर बोलली नाही,
फक्त भांडी जरा जोरात ठेवत राहिली.

केशवनगरात, कुंभारांच्या भट्ट्यांच्या अलीकडं
डॉक्टर बागवानबाईंचा दवाखाना.
आडनाव असं, पण फळाचं नाव काढलं नाही,
आधी रक्त मागितलं.
रिपोर्टात पोटॅशियमपुढं एक छोटा बाण,
खाली मान घातलेला.
"मीठ नव्हे काका, हे दुसरंच.
तुमची गोळी पाण्याबरोबर हेही वाहून नेते."

पोटॅशियम.
अंगात लोह असतं ते माहीत होतं,
लोखंडाशीच संसार केलेला.
पण हे? हे शाळेत एकदा पाहिलेलं.
सरांनी चिमट्यानं पाण्यात सोडलं,
कण सैरावैरा धावला
आणि पाण्यावर जांभळा पेटला.
ते माझ्यात आहे, होतं,
मी रोज मोरीत ओतत होतो.

बाईंनी गोळी बदलली.
पंधरा दिवसांनी पुन्हा रक्त, किडनीसकट.
मग म्हणाल्या, आता केळं खा, शहाळं प्या,
पण हा उपाय शेजारी वाटत बसू नका,
प्रत्येकाचा बाण वेगळा असतो.
आणि झोपताना भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणा.
म्हणून रात्री दहाला मी भिंत ढकलतो,
बंद पडलेला टेम्पो ढकलावा तसा.
नातू मागून हॉर्न वाजवतो.

अकरा रात्री झाल्या, गोळा नाही.
तीनला जाग मात्र येते, मला नाही, मालनला.
तिचा हात अंधारात चाचपत येतो,
टाच धरतो,
चवडा गुडघ्याकडं ढकलतो, दमानं.
मी घोरण्याचं सोंग घेतो, पाय सैल ठेवतो.
"सोड," म्हणते ती झोपेत.
कुणाला, ते मी विचारत नाही.