रात्री कोण पितं

चावी फिरवली की नुसतं कट्.
पुन्हा कट्. मग तेही नाही.
सलग चौथी सकाळ.
मागे फवारणीची टाकी भरून उभी,
औषध तळाशी बसायला लागलेलं,
आणि मृगाच्या संत्र्यांवर कोळी.

नवी बॅटरी शनिवारीच टाकली, बेचाळीसशेची.
वरूडच्या दुकानदारानं पावतीवर शिक्का असा हाणला
की जसा प्रश्नच मिटवला.
रविवारी पहाटे तीही थंड.

"वहिनी, रखवालदाराले इचारा," दीर म्हणाला,
"मोबाइल लावत असंन रातभर."
मी विचारलं नाही, सरळ बोलले.
झिबल उईके ऐकत राहिला, कानटोपी हातात घेऊन.
"माहा मोबाइल बटनाचा हाये बाई.
आठ रोज पुरते त्याले एक डाव लावलं का."
मग जाता जाता, बांधाला सांगावं तसं:
"थंडीत मी ट्रॅक्टरले पाठ लावून बसतो ना,
पंख्याच्या बाजूनं गरम लागते. अर्ध्या रातीबी."
मी म्हटलं, इंजिन आहे, गरम असणारच.

चार दिवस न हललेलं इंजिन.
हे मला संध्याकाळी भाकर थापताना कळलं.

तवा उतरवला. गिरणीवाल्याकडून
चार्ज करून आणलेली बॅटरी चढवली.
दहा नंबरचा पाना, इंडिकेटरचा जुना बल्ब, दोन तारा.
तासाभरानं मायनसची केबल सोडली
आणि मधल्या फटीत बल्ब जोडला.
चावी माझ्या कमरेला. दिवे बंद, हॉर्न मुका.
तरी बल्बातली तार तांबडी झाली,
ओढून खाली ठेवलेली विडी राहते तेवढी.

हेडलाइटचा फ्यूज काढला. बल्ब तसाच.
हॉर्नचा. तसाच.
मीटरचा, मागच्या दिव्याचा, आणखी एक कशाचा कोण जाणे.
फ्यूजचा डबा बोळका झाला
आणि बल्ब अजून जागा.

झिबल कधी येऊन उभा राहिला, कळलं नाही.
टॉर्च धरली त्यानं, न सांगता, नेमकी जिथं हवी तिथं.
"कोठं गरम लागते म्हनत होता?"
टॉर्च नाही फिरवली. हातच नेला अंधारात,
गाभण गाईच्या कुशीवर नेतात तसा.
अल्टरनेटर.
त्याच्या हाताशेजारी मी हात ठेवला.
सगळं लोखंड गारठलेलं,
आणि ही एवढी ओंजळभर ऊब.

मागची जाड तार सोडली.
बल्ब विझला.

आत डायोड असतो. एकाच बाजूनं उघडणारं दार.
दिवसा इंजिन भरत जातं, रात्री ते लागायला हवं.
हे लागत नव्हतं.
भरलेलं सगळं उलट्या पावली निघून जायचं,
कुणाच्या खिशात नाही, कुणाच्या मोबाइलात नाही,
नुसतं गरम होऊन.

सुटलेल्या तारेला मी चिकटपट्टी गुंडाळली,
लागत होती त्याहून दोन वेढे जास्त.
जे म्हणायचं होतं ते जिभेवर आलं आणि
तिथंच बसलं.
म्हटलं, "उद्या मोर्शीले येतं का संगं?
डायोड बदलून आनू. मेकॅनिकले तूच सांगजो,
कोठं गरम लागे ते."

"येतो ना," झिबल म्हणाला. टॉर्च बंद केली.
"पन मंग रातच्याले बसू कोठं बाई?
पाठ लावाले तेवढीच जागा होती."