वंशावळ, दोन प्रतींत

ठाण्यात कोर्ट नाक्याजवळ माझं टेबल आहे, प्लास्टिकचं,
एक पाय विटेवर.
वर निळी ताडपत्री, खाली इन्व्हर्टर
आणि दिवसाला आठ-दहा वंशावळी.

मूळ पुरुष वर, मधोमध.
त्याखाली रेघा, मुलगे, त्यांचे मुलगे,
नावापुढे मयत,
मयत, मयत, बेपत्ता, मयत.
घणसोलीची माणसं येतात, दिघ्याची, तुर्भ्याची,
साडेबारा टक्क्यांची फाईल काखेत दाबून,
म्हणतात, बाई, आत्यांची नावं नका घालू,
उगाच सह्यांसाठी फिरावं लागतं.
मी घालत नाही.
पानामागे साठ रुपये मिळतात मला.

येत्या रविवारी शास्त्रवाचन माझ्याकडे.
पाळकसाहेबांनी चिठ्ठी दिली ती हसतच:
नाताळाआधीची ती नावांची लांबण,
जी कोणीच मागून घेत नाही.
जीभ मुरगळते, बाकं करकरतात,
मागची पोरं गोळ्यांचे कागद सोलतात.
रात्री कळव्याच्या खोलीत सराव म्हणून बसले
आणि सवयीनं टाईपच करायला घेतली.
अब्राहाम वर, मधोमध.
रेघा.

चौथ्या ओळीशीच हात थांबला.
तामार.
सासऱ्यानं माहेरी धाडून विसरलेली,
वाटेवर तोंड झाकून बसलेली.
पुढे राहाब, कोटाच्या भिंतीतच घर,
तिच्या दारी लोक अंधार पडल्यावर येत.
रूथ, परमुलखातली, दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचणारी.
चौथीचं तर नावही नाही,
मारल्या गेलेल्या शिपायाची बायको, एवढंच.
पण ते एवढंच
राजाच्या नावाला जन्मभराचं चिकटवून ठेवलेलं.

कोणत्या तलाठ्यानं पास केली असती ही?

लिहिणारा म्हणे जकात नाक्यावर बसायचा.
म्हणजे आमच्यातलाच.
काय गाळायचं हे त्याला पक्कं ठाऊक असणार.

मग खाली खाली ती नावं,
अबीहूद, अज्जूर, याखीम, मत्तान,
ज्यांनी काय केलं ते कोणालाच माहीत नाही.
जगले, एक पोर झालं, मयत.
राज्य गेलेलं, देऊळ पुन्हा उभं राहिलेलं, परक्याची पट्टी भरायची,
आणि रेघ एका बोटानं खाली सरकवायची.
मला हीच माणसं जास्त ओळखीची वाटली.

शेवटी सुतार.
चाळीस पिढ्यांची रेघ त्याच्यापर्यंत नीट येते
आणि तिथे तुटते.
बाळ त्याचं नव्हे.
नाव त्यानं लावलं, इतकंच.

माझ्या दाखल्यावर वडील: नथानिएल ओहोळ, फिटर.
मी तीन वर्षांची होते आईनं पाट लावला तेव्हा.
खाडीपुलावरून सायकलच्या दांडीवर बसवून
त्यांनी मला शाळेत नेलं.
मास्तरांनी खालच्या आवाजात विचारलं, खरं नाव?
ते म्हणाले, लिहिताय तेच.
त्यांच्या बाहीला ग्रीसचा वास होता.
वीस वर्षं झाली त्यांना जाऊन. मी कधी
त्यांची वंशावळ काढली नाही,
मला वाटायचं, मी त्यात कुठे बसणार.

तीन वेळा चौदा पिढ्या, असं यादीखाली लिहिलंय.
टाईप केलेलं मी मोजतेच.
चौदा. चौदा. तेरा.
पुन्हा मोजलं, बोट ठेवून. तेराच.
पाळकसाहेब म्हणाले, त्याची कारणं आहेत, सांगेन सविस्तर.
मी म्हटलं, राहू द्या.

आज दुपारी पोशीबाई मढवी आली,
सत्तरीची, हातात भावांनी काढलेल्या वंशावळीची झेरॉक्स.
पाच भाऊ, पाच रेघा.
सहाव्या जागी कोरा कागद, त्यावर तिनं बोट टेकलं:
माजं नाव बसंल का गो यान?

बसंल, म्हटलं. जागा आहे.

इन्व्हर्टर ओरडायला लागला होता.
घाईघाईत एक रेघ ओढली, थोडी वाकडी आली,
दोन प्रती काढल्या,
आणि साठ रुपये घेतले.