एकोणसाठ बोल्ट

नाव विचारलं तर म्हणाला, ओके.
आम्ही थांबलो. नाव पुढे येईल असं वाटलं.
आलं नाही. तेच नाव होतं.
मग तीन आठवडे आमच्या मकरपुऱ्याच्या शेडमध्ये
कुणीही कुणाला ओके म्हटलं
की हा ग्राइंडिंग मशीनमागून मान वर काढी.

पेट्या स्वीडनहून आलेल्या. मोजून घ्यायचं काम माझं.
बावीस वर्षं स्टोअर माझ्याकडे,
चकत्या, पट्टे, तेलाचे डबे, सही, शिक्का.
यादी त्याच्या भाषेत, रजिस्टर माझं,
मध्ये ओल्या देवदाराचा वास
आणि बडोद्याचा मे.

त्यानं पहिला बोल्ट ट्रेमध्ये ठेवला: एट्.
माझ्या तोंडात ‘लाभ’ आलं होतं.
मांडवीच्या दुकानात वडील धान्य मापत
तेव्हा पहिल्या मापाला एक म्हणत नसत.
हे इंग्रजीत कसं सांगायचं?
मीही म्हटलं, एट्.

त्वो.
त्रे, आणि हसमुख ओरडला, अरे, आ तो आपणा त्रण!
तीन त्याच्याकडे गेले. बरं.
फ्यूरा कुणाचाच नव्हता.
सहाला हसमुख मान खाली घालून हसला,
रोज हसला, शेवटच्या दिवशीही.
आठ ओळखू आला, जरा सुजलेला: ओट्टा.
नऊ मात्र माझा. नीऊ.
थंडीत राहून आवाज बारीक झालेला मामेभाऊ.

सात येईना.
ना श, ना ह, ना फ.
ओके दाखवी, ओठ पुढे, वारा बाहेर: ह्वू.
मी म्हणून बघे, तो विचारी, काय विझवताय?
मग एका दुपारी कॅन्टीनच्या सेव-उसळीचा घास
त्याच्या घशाखाली उतरला, डोळे भरले,
आणि तोंडातून जो वारा सुटला
तो नेमका सात होता.
मी बोट दाखवलं.
पाणी पिता पिता त्यानं मान डोलावली.

त्यांचा एकसुद्धा दोन तऱ्हांचा.
बोल्ट असेल तर एन, भोक असेल तर एट्.
का? त्यानं खांदे उडवले.
आमच्यातही तो बोल्ट, ते भोक, मी म्हटलं.
का? मीही उडवले.
भोकाबाबत दोन देशांचं एकमत झालं
हे मी घरी सांगितलं.
कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

मंगळवारी शेवटची पेटी. यादीत साठ.
मोजले. पुन्हा मोजले.
टेबलाखाली पाहिलं, भुश्शात, हसमुखच्या खिशात.
रजिस्टरात लिहिलं, एकोणसाठ.
त्यानं अर्थ विचारला.
साठाला एक उणा, मी म्हटलं,
हरवल्याची नोंद आमच्या शब्दातच असते.
तो ट्रेकडे बघत राहिला.
मग बोट ठेवत ठेवत शेवटापर्यंत गेला: फेम-ती-नीऊ.
पन्नास. आणि नऊ.
त्याच्या आकड्यात काहीच हरवलं नव्हतं.
होते तेवढे होते,
तेलकट, रांगेत, एकमेकांना टेकून.

बस उशिरा आली. दांडिया बाजारला उतरले.
जिना अठरा पायऱ्यांचा,
दहा त्याच्या भाषेत चढले, पुढच्या माझ्या,
कारण गुडघा मराठीत दुखतो.

पुढच्या महिन्यात माझा वाढदिवस.
घरचे म्हणतील, साठीला आता एकच कमी.
मी वाद घालणार नाही.
चहा बशीत ओतीन,
ओठ पुढे काढीन,
ह्वू.