पाव बार

बरक्यात समुद्र माझ्यासाठी पाइपात असतो.
मी त्याला साठ-बासष्ट बारनं पडद्यावर ढकलतो,
मीठ अलीकडे अडतं, गोडं पाणी पलीकडे जातं,
कुणाच्या तरी चहात पडतं.
अकरा वर्षं काट्याकडे बघतोय.
काटा लाल पट्टीकडे सरकला की हात आपोआप उठतो.
झोपेतही उठतो, असं वरच्या खाटेवरचा हुसैन म्हणतो.

आणि माझा काटा
एकशे बहात्तर, खाली एकशे आठ.
सिस्टर शम्सानं पट्टा सोडला,
मला दहा मिनिटं गप्प बसवलं, पुन्हा बांधला.
तेच.
मला काहीच होत नव्हतं, शप्पथ.
डोकं नाही, चक्कर नाही.
रात्री हिशेब केला, हे तर पाव बारसुद्धा भरत नाही!
उशाशी आईनं दिलेली खारातल्या मिरच्यांची बरणी.
दिवसभर मीठ काढायचं
आणि रात्री तेच बोटानं चाटायचं.

औषधवाल्या कुरियननं पावतीच्या पाठीवर दोन रेघा ओढल्या.
ही नस. हिच्या भिंतीत स्नायू आहे, तो आवळतो.
आवळायला त्याला कॅल्शियम लागतं,
ते बारीक दारांतून आत येतं.
ही गोळी दारांना टेकून बसते.
सगळी नाही लावून घेत, गर्दी कमी करते.
भिंत सैल पडते.
त्यानं बाहेरून आणखी दोन रेघा ओढल्या, लांब लांब.
कळलं की मला. पंप तोच, पाइप रुंद.
"पण आजच्या आज नाही हां,
आठवडा, दोन आठवडे."
पाच मिलिग्रॅम, रोज, ठरल्या वेळी.
एक चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन नाहीत.
उठताना आधी पाय खाली, मग जरा थांबायचं,
मग आपण.
आणि पाठ दुखली की उठसूट दुखण्याची गोळी नको,
ती काटा वर नेते. आधी विचार.

महिन्याभरात बूट चढेनात.
घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा तसाच,
ओहोटीच्या वाळूत उमटतो तसा.
काटा तोवर एकशे तीसवर आलेला.
चालत्या पंपाला कोण पाना लावतो?
बंद केली. मनानंच.
दहाव्या दिवशी शम्सासमोर एकशे अडुसष्ट.
ती रागावली नाही, त्याचंच जास्त लागलं.
"सुजलं तर इथे यायचं होतंस," एवढंच म्हणाली.
डॉक्टरनं ती गोळी निम्मी केली, जोडीला दुसरी दिली.
बूट चढले.

मग ईदच्या सुट्टीत पाकीट संपलं.
खाट भिंतीपासून ओढली तर मागे धुळीत
राजप्पाच्या गोळ्या. माझ्याआधी ही खाट त्याची होती.
बीदरचा माणूस, व्हीलचेअरवरून विमानात चढवला.
तीन पट्ट्या, एकही खळगा फोडलेला नाही.
प्रेशरचीच औषधं. माझ्या तळहातावर.
एक घेतली तर काय बिघडतं, असं मन म्हणालं.
हातानं, सवयीनं, आधी लेबल वाचलं.
मुदत दोन वर्षांपूर्वी सरलेली.

दुकान उघडल्यावर कुरियनपुढे ठेवल्या.
चष्मा वर करून म्हणाला,
ही वेगळ्या घरातली. ही हृदयालाच हळू चाल म्हणते.
तुला थंडीत धाप लागते ना?
छाती आवळली असती तुझी.
पट्ट्या त्यानं लाल डब्यात टाकल्या.
"आणि पुढच्या वेळी आठ दिवस उरले की ये."

संध्याकाळी राजप्पाला फोन लावला.
मुलगी बोलली. तो शेजारी ऐकत असावा,
मध्येच कुणीतरी हं म्हटलं.
गोळ्यांचं मी काही काढलं नाही.

मिरच्यांची बरणी हुसैनला देऊन टाकली.
आईला अजून सांगितलेलं नाही.
तो वर बसून खातो, बोटं चाटतो,
म्हणतो, मला काय झालंय, ठणठणीत आहे.
त्याच्या दंडाला पट्टा
अजून कुणी बांधलेला नाही.