कलम सहावे

इंग्रजीत ते दोन ओळींचं होतं.
मराठीत आणताना माझ्या तीन रात्री गेल्या
'होईल' आणि 'होऊ शकेल' यांच्यामधल्या पायवाटेवर.
समितीने पहिला मसुदा परत पाठवला:
मोफत तपासणी हा लाभ म्हणून दाखवू नये.
दोनशे रुपये बसभाडं हाही लाभ नव्हे, ती भरपाई.
चहा-बिस्किटं तर कुठेच लिहू नयेत.
लाल शाईतून एवढं वाहून गेल्यावर
कलमात उरलं ते असं:
या अभ्यासातून आपणास थेट लाभ अपेक्षित नाही.
मिळालेल्या माहितीचा भविष्यातील रुग्णांना लाभ होऊ शकेल.

डिचोलीच्या पुढे, खाणीच्या रस्त्याला,
जिथे तारेवरचं पांढरं धुणं वाळेस्तोवर तांबडं होतं,
कुष्टा मळीक सोप्यावर बसून ऐकत होता.
एकवीस वर्षं बार्जवर खनिज वाहिलं.
आता उंबऱ्यापासून विहिरीपर्यंत दोनदा थांबतो.

मी वाचलं. पुन्हा वाचलं, सावकाश.
"म्हणजे म्हाका कितें?"
"काही नाही."
"कितेंच ना?"
"कितेंच ना."

तो हसला, हसण्याचा खोकला झाला,
खोकल्यातून बाहेर येऊन उरलेलं हसला.
मग सत्यवतीला म्हणाला, ती पेटी काढ.

पत्र्याच्या पेटीत, तिच्या लग्नातल्या साडीखाली,
चार घड्यांचा एक करार.
कंपनीचा शिक्का, पंचाची सही,
कुष्टाच्या बापाचा जांभळा आंगठा.
लाभ, एक ते सात.
नळ येईल.
घरटी एकास नोकरी मिळेल.
रस्त्यावर दिवसातून तीनदा पाणी मारले जाईल.
बालवाडी बांधून देण्यात येईल.
शेतात गाळ उतरल्यास तो स्वखर्चाने काढण्यात येईल.
सहावं दवाखान्याचं.
सातवं नेमकं घडीवर पडलेलं, शाई उडालेली.
कुष्टाला ते पाठ असावं. पण बोलला नाही.

सगळी वाक्यं भविष्यकाळात,
एकालाही 'शकेल'ची ठेच लागलेली नाही.
पोटासाठी भाषांतर करते मी;
इतकं सफाईदार मराठी
मला अजून जमलेलं नाही.

शेत त्याने हनुवटीने दाखवलं.
मी पाहिलं. वीट भाजावी तशी जमीन,
मधोमध बांधाचा एक दगड, तेवढा ओळखीचा.

"हो कागद बरो," माझा फॉर्म मांडीवर घेत तो म्हणाला.
"दिना तें दिना म्हणटा."

पेन उचललं, तर सत्यवती आतून आली,
सोलांनी लाल झालेले हात पदराला पुसत.
"फुडले म्हणजे कोण गो? नांव घाल."
मी प्रशिक्षणात शिकवलेलं सांगू लागले,
की भविष्यातील रुग्ण म्हणजे कोणी ठरावीक माणसं नव्हेत,
म्हणजे जे कोणी पुढे...
"येवचे खंयचे? ह्याच वाड्यावयले न्हय?"

अंगणात त्यांची नात, सात-आठ वर्षांची.
माझ्या पिशवीतली पुठ्ठ्याची कोरी नळी घेऊन
कोंबड्यांवर फुंकर घालत होती.
कुष्टाने तिच्याकडे पाहिलं.
पेन खाली ठेवलं.

"बाय, त्या वळींत हिका घालूं नाका."

म्हटलं, नाव तर कुणाचंच नाही त्यात.
"तेंच म्हणटां," तो म्हणाला.

नियम असा की छापील फॉर्मवर हाताने काही जोडू नये.
अट असेल तर वेगळ्या वहीत नोंद करावी.
मी वही काढली. तारीख. दहा पंचवीस.
शेऱ्याच्या रकान्यात त्याचं वाक्य जसंच्या तसं लिहिलं,
कोकणीतच. हे समितीला परत कोण समजावणार,
आणि कोणत्या काळात, ते ठाऊक नाही.
सही त्याने केली. मराठी शाळेतलं गोल अक्षर,
खोकला यायच्या आत, घाईघाईने.

चहा त्यांच्याच घरून आला, बिस्किटंही.
मी बशीत ओतून प्याले.

निघताना नळी परत मागितली.
ती देईना.