थेंबाच्या कडेला

अरारुआमाचं सरोवर समुद्राहून खारट.
पोहून बाहेर आलं की भुवया पांढऱ्या होतात.
दर सोमवारी पहाटे मी गुडघाभर पाण्यात उभी राहते,
तळाचा काळा गाळ बरणीत भरते.
सडक्या अंड्याचा वास. बसमध्ये लोक सरकून बसतात.
सरकू देत. एकतीस वर्षांत
तेवढीच ऐसपैस जागा मिळाली मला.

प्रयोगशाळेत माझं काम बश्या धुण्याचं, लेबलं चिकटवण्याचं,
पण थेंब काढायला अजून मलाच हाक मारतात.
तुझा हात थरथरत नाही, झासिरा,
असं डॉक्टर इरासेमा म्हणते.

काचेच्या पट्टीवर थेंब,
थेंबाशेजारी चुंबक:
देवळाच्या फुटक्या लाउडस्पीकरमधून
झुरांदिरने पेचकसाने उचकटून काढलेला,
मिठागरातून त्याला घरी बसवलं त्या वर्षी.
भिंग खाली आणायचं. श्वास धरायचा.

मग ते येतात.
एकेक जण म्हणजे वीस-पंचवीस पेशींचं
तुतीचं फळ,
इतकं बारीक की मिठाच्या एका खड्यावर त्यांचं गाव वसेल.
प्रत्येक पेशीच्या पोटात लोखंड-गंधकाचे मणी,
कुणी अंधारात चाचपडत ओवावी तशी पोत,
आणि साऱ्या पोतींचं तोंड एकीकडे.
एक पेशी सुटी करून पाहिली होती आम्ही.
जगली नाही.

पृथ्वीच्या या अर्ध्यात ते दक्षिणेला निघतात.
चुंबकाच्या रेषा इथे तिरक्या असतात,
दक्षिणेला निघालेला आपोआप तळाला पोचतो,
गाळात, जिथे हवा जेमतेम.
बव्हेरियाहून आलेला तो उंच पोरगा, वेन्डेलिन,
म्हणायचा, आमच्या तळ्यातले उत्तरेला जातात,
आणि तेही खालीच पोचतात.
त्यांना इथे आणून सोडलं तर?
वर जातील, म्हणाला. उजेडाकडे.
मग?
त्याने खांदे उडवले आणि सँडविच खाल्लं.
तीन महिने आमचं ऊन त्याला सोसलं नाही.

थेंबाच्या कडेला आले तरी ते थांबत नाहीत.
एकदम मागे उसळतात, जणू चटका बसला,
आणि लगेच पुन्हा पुढे. पुन्हा कड. पुन्हा मागे.
शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात;
यांना सांगणार कोण,
की पुढे फक्त काच आहे, आणि काचेपलीकडे मी.

गेल्या जूनमध्ये डोकं ठणकायचं म्हणून
काबो फ्रिओच्या इस्पितळात मला नळीत सरकवलं.
अंगावर धातू? विचारलं.
अंगठी निघेना, साबण लावावा लागला,
खाली बोटावर फिकट कडं उरलेलं.
आत कुणीतरी पत्र्यावर हातोडे मारत होतं.
मी वाट पाहत राहिले,
माझ्यातलं काय, कोणत्या बाजूला वळतंय त्याची.
तुमच्या अंगातलं पाणी वळतं जरासं, मुलगी म्हणाली नंतर,
आणि लगेच परत जागेवर येतं. कळत नाही कुणाला.
खरंच कळलं नाही. तळपाय तेवढे गार पडले.
रिपोर्टात काही निघालं नाही.

शाळेची मुलं येतात पाहायला, त्यांना मी सगळं दाखवते,
एक सोडून.
थेंब सुकत आला की काही मरतात.
तेव्हा चुंबक फिरवला
तर तेही फिरतात.
जात नाहीत कुठे. नुसते वळतात,
आणि तोंड करून राहतात.

झुरांदिरची होडी अजून खुंटाला बांधलेली आहे.
दोन गिऱ्हाइकं येऊन गेली. मी भाव वाढवून सांगितला.
ईशान्येचा वारा सुटला की ती दोरावर सावकाश फिरते
आणि नाक वाऱ्याकडे धरते.
काल बरणी घेऊन येताना पाहिली.
पाणी साचलंय आत, बोटभर.
उपसायला हवं.